शाखा सतरामधली ग्राहक

शनिवार, १ मार्च

ज्या कामाला मी एकोणीस महिने दिले ते आज सकाळी अकरा वाजता सुरू झाले, आणि पहिल्या तासात एकही चूक झाली नाही. एवढे एक वाक्य लिहिण्यासाठीच ही वही विकत घेतली, असे म्हटले तरी चालेल.

कामाचे स्वरूप थोडक्यात लिहून ठेवतो. आमच्या कंपनीची बासष्ट दुकाने आहेत: औषधे, साबण, कपडे, पादत्राणे, घरातले लहानमोठे सामान. आजवर प्रत्येक दुकानाचा, संकेतस्थळाचा आणि ॲपचा ग्राहक निराळा होता. एकच बाई औषधांच्या काउंटरवर एका नावाने, चपलांच्या काउंटरवर दुसऱ्या नावाने आणि ॲपवर केवळ फोनच्या खुणेने नोंदलेली असे. तुकडे तीन, आणि ते एकाच बाईचे आहेत हे कोणालाच ठाऊक नाही. माझी प्रणाली हे तुकडे गोळा करते. फोन नंबर किंवा ईमेल तंतोतंत जुळला तर ते तात्काळ जोडते. न जुळल्यास सवयी तपासते: काय घेतले, किती दिवसांनी घेतले, कोणत्या वेळी, कोणत्या मापाचे. त्यावरून खात्रीचा अंक काढते. अंक नव्वदच्या वर गेला की तुकडे एकत्र होतात आणि त्या माणसाचे एक प्रोफाइल उभे राहते. एक्केचाळीस लाख नोंदींमधून आज तेवीस लाख माणसे निघाली. उरलेली अठरा लाख कधी नव्हतीच. तो निव्वळ निष्काळजीपणा होता.

संचालकांनी छोटेसे भाषण केले. त्यात दोन आकडे चुकले. मी जागेवरच दुरुस्त केले.

घरी हे सांगायला कोणी नव्हते. ही अकरा दिवसांपूर्वी निघून गेली. कारण क्षुल्लक. टॉवेलाच्या तीन घड्या घालायच्या, हे सात वर्षे सांगूनही तिच्या लक्षात राहत नाही. अठरा तारखेच्या सकाळी शब्दाने शब्द वाढला, ती खोलीबाहेर निघाली, आणि दार लागताना तिच्या डाव्या हाताची बोटे चौकटीत सापडली. दार मी लावले हे खरे. बोटे चौकटीवर ठेवली ती तिने. मी स्वतः बर्फ काढून दिला होता. संध्याकाळी परतलो तेव्हा बर्फाचे पाणी ओट्यावर तसेच पसरले होते. पुसून घेण्याचेही सौजन्य तिने दाखवले नव्हते.

मंगळवार, ४ मार्च

तक्रार विभागाच्या प्रमुख बाई पूर्वी शाळेत शिकवत. त्यांना मी मनातल्या मनात तक्रारबाई म्हणतो. सगळे काही कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहितात आणि चिठ्ठ्या पर्समध्ये कोंबतात. आजच्या बैठकीत त्यांनी अशीच एक चिठ्ठी काढली. काही ग्राहकांना आपली दोन प्रोफाइले वेगळी हवी आहेत म्हणे. एका बाईने फोनवर सांगितले होते की दुकानाचे जुने कार्ड नवऱ्याकडे आहे. नव्या खरेदीचा निरोप त्याच्या फोनवर जाईल का? त्याने तिचा जबडा मोडला होता, आणि ती आता दुसऱ्या गावात राहते.

मी शांतपणे उत्तर दिले. माणूस घाबरला म्हणून एकाचे दोन होत नाहीत. नोंद खरी असली पाहिजे. लोकांचे संसार सांभाळणे हे प्रणालीचे काम नव्हे. शिवाय नव्या ग्राहकाची सवलत दोनदा उकळण्यासाठी लोक वाटेल ती करुण कथा रचतात. यावर दोघे-तिघे हसले. तक्रारबाई हसल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिले.

शाखांचे जुने रडगाणेही पुन्हा निघाले. जानेवारीपासून मी नियम केला आहे की फोन नंबर भरल्याशिवाय बिलाचे यंत्र पुढे सरकणार नाही. कॅशियर मंडळी म्हणतात, काही ग्राहक नंबर देतच नाहीत, मागे रांग खोळंबते. मी सांगितले की रिकामा रकाना हा ग्राहकाचा हक्क नसून कॅशियरचा आळस असतो. विषय संपला.

बाहेर पडताना तक्रारबाईंनी माझ्या हातावरच्या पट्टीकडे पाहून काय झाले ते विचारले. स्वयंपाकघरातली फरशी फुटली, असे मी सांगितले.

“भिंतीवरची?” त्या म्हणाल्या.

नसत्या चौकशा करणाऱ्या माणसांचा मला मनस्वी तिटकारा आहे.

गुरुवार, ६ मार्च

हिच्या धाकट्या भावाच्या गॅरेजवर गेलो होतो. सभ्यपणे बोलण्याचा माझा निश्चय होता, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

तो एका स्कूटरचे चाक काढून बसला होता. मला पाहून उठला नाही. ती कुठे आहे, असे मी विचारले. त्याने हात पुसले, नळाखाली धुतले, पुन्हा पुसले.

“दाजी, ती इथे नाही. आणि असती तरी तुम्हाला सांगितलं नसतं.”

मी म्हणालो की नवरा-बायकोच्या गोष्टीत तिसऱ्याने पडू नये. तो म्हणाला, तिची दोन बोटे मोडली आहेत, एकाचे नख मुळापासून गेले आहे, आणि गेल्या पावसाळ्यात ती जिन्यावरून पडली नव्हती हेही आता घरात सगळ्यांना माहीत आहे. मी त्याला ‘पडली’ या शब्दाचा अर्थ विचारला. जिन्यावरून ती पडलीच होती. त्याआधी काय झाले हा वेगळा मुद्दा आहे, आणि तो त्याने वेगळा मांडायला हवा होता. तेव्हा तो जे हसला ते मला सहन झाले नाही.

समोर पाना पडला होता. मी तो उचलला. तोंडावरचा पहिला घाव नीट बसला. त्याचा वरचा एक दात तुटून ग्रीसच्या डब्यात पडला. दुसरा घाव त्याने हातावर घेतला. मग त्याने मला स्कूटरच्या सीटवर उलटे दाबले, आणि माझ्या मानेवर गुडघा ठेवून, तोंडातले रक्त माझ्या कॉलरवर गळत असताना, अगदी हळू आवाजात म्हणाला, “पोलिसात जाऊ नको म्हणून ताईनेच शपथ घातलीय. नाहीतर आज तुम्ही इथून चालत गेला नसतात.”

शर्ट धुण्यासारखा राहिला नाही. टाकून दिला.

रविवार, ९ मार्च

आईचा फोन आला. मी सर्व सांगितले, म्हणजे आवश्यक तेवढे. ती म्हणाली, “तुझे बाबाही असेच होते रे. पण मी कुठे गेले?”

मी म्हणालो, तेच तर. तिने फोन ठेवून दिला. हल्ली तिला बोलणे अर्ध्यावर सोडण्याची सवय लागली आहे.

मंगळवार, ११ मार्च

इतकी साधी गोष्ट आधी सुचली नाही याचे नवल वाटते.

माणूस नाव बदलतो, नंबर बदलतो, भावाकडून खोटे वदवून घेतो. पण त्याला साबण लागतो. हिला वासाचा साबण चालत नाही, अंगावर चट्टे उठतात. थायरॉइडची गोळी रोज सकाळी घ्यावी लागते. चप्पल रुंद पंजाची लागते. हे तिन्ही एकत्र असलेल्या बायका तेवीस लाखांत फार नसणार. जुळणीच्या नियमांची परीक्षा घेण्यासाठी याहून उत्तम उदाहरण मला मिळाले नसते, कारण इथे खरे उत्तर मला आधीच ठाऊक आहे. मी तिला शोधत नाही. नियम तपासतो आहे.

तिच्या जुन्या प्रोफाइलवरची शेवटची खरेदी पंधरा फेब्रुवारीची. म्हणून अठरा तारखेनंतर प्रथमच उघडलेली प्रोफाइले घेतली. साबणावर तीनशे चाळीस उरली. गोळीवर एकोणीस. मग एक बाब सुचली आणि मी स्वतःच्याच नेमकेपणावर खूश झालो: डाव्या हाताच्या बोटांची आधारपट्टी, लहान माप.

एक उरले.

शाखा सतरा. खात्रीचा अंक त्र्याण्णव. मी खुर्चीत मागे टेकून बसलो. प्रणाली चालते.

बुधवार, १२ मार्च

तक्रारबाई माझ्या खोलीत आल्या आणि दार उघडेच ठेवून उभ्या राहिल्या. कालपासून एका ग्राहकाचे प्रोफाइल माझ्या नावाने सेहेचाळीस वेळा उघडले गेले आहे, असे त्या म्हणाल्या. तक्रार-क्रमांकाशिवाय एका माणसाचे प्रोफाइल उघडायचे नाही, हा नियम माझाच. कोणी कधी काय उघडले याची नोंद ठेवण्याची व्यवस्थाही माझीच. त्या व्यवस्थेने काम चोख केले, याचे समाधान वाटले. त्या नोंदी वाचण्याचा अधिकार या बाईंना कोणी दिला, हे मात्र पाहिले पाहिजे.

मी चाचणीचे कारण दिले. त्यांनी विचारले, चाचणीला हेच एक का? मी म्हणालो, मी काय तपासतो ते समजण्याइतके शिक्षण त्यांचे नाही. त्यांचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. वर्गात उभे राहण्याची सवय असावी.

“सर, घरी सगळं ठीक आहे ना?” त्या म्हणाल्या.

टेबलावरचा कागद दाबायचा काचेचा गोळा माझ्या हातात होता. तो भिंतीवर कधी आपटला ते मला सांगता येणार नाही. त्यांच्या डोक्यापासून हातभर लांब आपटला, म्हणजे नेम धरलेला नव्हता हे उघड आहे. काचा झाडायला मी स्वतः वाकलो. बाई मागे सरल्या नाहीत, खाली बसल्या, एक तुकडा उचलून कागदात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. या बाईंना काय काय जमवायची हौस आहे!

शुक्रवार, १४ मार्च

प्रोफाइल सबंध वाचले. वाचायला नको होते, असे दुबळा माणूस म्हणाला असता.

चोवीस दिवसांत बावन्न वेळा खरेदी. माझ्या घरात असताना महिन्यातून चारदा बाहेर पडायची. साबण, गोळ्या, पट्टी: इथपर्यंत ती तीच आहे. पण पुढे केस काळे करायचा रंग आहे. गुडघेदुखीचे मलम आहे. चपलांची तीन वेगवेगळी मापे आहेत. पाय सुजत असावेत. गोळीची मात्रा दोन प्रकारची आहे. नवा डॉक्टर अडाणी भेटला असणार. आणि त्याच्याखाली, एकवीस फेब्रुवारीला, म्हणजे घर सोडून तीन दिवसही पुरते झाले नसताना: पुरुषांचे दाढीचे पाते. सत्तावीसला पुन्हा. आठ मार्चला लहान मुलाचे लंगोट, मोठे पाकीट.

तीन दिवस.

याचा अर्थ एकच निघतो. पुरुष आधीपासून होता. मूल त्याचे आहे. त्याच्या मुलाचे लंगोट ती विकत घेते, आणि माझ्या टॉवेलाला तीन घड्या घालणे तिला जमत नव्हते.

घरी आल्यावर तिचा आरसा फोडला. मग कपाटाचे दार बिजागऱ्यांतून उपटून काढले. तिची चिनीमातीची भांडी एकेक करून न्हाणीघरात नेली आणि तिथे फोडली, म्हणजे कचरा एके ठिकाणी राहील. शेजारच्या काकांनी बेल वाजवली. मी दार उघडून सांगितले की सामान हलवतो आहे. ते माझ्या पायांकडे बघत होते. खाली पाहिले तेव्हा कळले, मी अनवाणी होतो आणि पावलांचे ठसे लाल उमटत होते.

शनिवार, १५ मार्च

पत्ता मिळाला. तीन मार्चला त्याच प्रोफाइलवर एक गादी घरपोच मागवली आहे. दुहेरी.

रविवार, १६ मार्च

जॅकचा दांडा गाडीच्या डिकीतून काढून पुढच्या सीटवर ठेवला आहे. मी फक्त बोलणार आहे. परंतु घरात परपुरुष आहे आणि तो कसा वागेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

गुरुवार, २० मार्च

रुग्णालय. डावा हात दोन ठिकाणी मोडला, तीन बरगड्यांना तडे, उजव्या दंडावर भाजल्याची खूण. लिहिता येते. दाराशी पोलीस बसलेला आहे. वही त्याने चाळून परत दिली. त्याला माझे अक्षर लागले नाही, हे एक बरे झाले.

रविवारचा वृत्तांत मी जसा घडला तसाच लिहितो. इतरांचे जबाब मी ऐकले आहेत आणि ते विस्कळीत आहेत.

तिसरा मजला, उजवीकडचे दार. दुपारचे तीन. बेल वाजवली. दार ज्याने उघडले त्याच्या अर्ध्या गालावर साबणाचा फेस होता आणि हातात दाढीचे यंत्र. मी काही ठरवले नव्हते. पण तो फेस, ते पाते, ती एकवीस तारीख हे सगळे डोळ्यांसमोर एकदम उभे राहिले. दांडा त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो दारातच गुडघ्यांवर आला आणि “अहो, कोण तुम्ही, कोण तुम्ही” म्हणत राहिला. दुसरा घाव त्याच्या कानावर बसला. फेस गुलाबी झाला.

आत शिरलो. दारामागे खुंटीला आमच्याच कंपनीचा निळा एप्रन टांगलेला होता. म्हणजे हिने नोकरीही आमच्याच दुकानात धरली होती, माझ्याच नाकाखाली. हा तिचा उद्धटपणा पाहून मी क्षणभर थांबलो. भिंतीशी पाळणा होता, त्यात मूल किंचाळत होते. मी पाळण्याला हात लावला नाही. तो कोसळला तो टेबल उलटल्यामुळे, आणि मूल गादीवर पडले, त्याला काही झालेले नाही. हे डॉक्टरांनीही लिहून दिले आहे.

आतल्या खोलीतून एक बाई धावत आली. ती ही नव्हती.

तिशीची, ठेंगणी, हातात इस्त्री, इस्त्रीची वायर मागे फरफटत आलेली. तिने आधी मुलाला उचलून काखेत घेतले. मी ओरडून विचारले, ती कुठे आहे? ती म्हणाली, कोण ती? मी तिला दांडा दाखवून सगळे सांगितले: बिनवासाचा साबण, थायरॉइडची गोळी, रुंद पंजाची चप्पल, बोटांची पट्टी, लहान माप. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले.

“तो नंबर माझा आहे,” ती म्हणाली. “मी सतरा नंबरची कॅशियर. बायका नंबर द्यायला नको म्हणतात, काही घाबरलेल्या असतात. नंबर टाकल्याशिवाय मशीन पुढे जात नाही. मग मी माझाच टाकते.”

किती जणींसाठी, असे मी विचारले. तिने मोजले नव्हते. मोजलेच नव्हते! पाती तिच्या नवऱ्याची, लंगोट तिच्या मुलाचे, गादी तिची, आणि बाकी सगळे रांगेत उभ्या राहिलेल्या कोणकोणत्या बायकांचे. एकोणीस महिन्यांच्या कामात एका कॅशियरने हे विष कालवले होते, आणि प्रणालीने त्या सगळ्यांची मिळून एक बाई केली होती. मी तिला सांगितले की हा गुन्हा आहे, खोटी माहिती भरणे हा गुन्हा आहे. तिचा नवरा दारात रक्ताच्या थारोळ्यात पडला होता, आणि तिला मी काय बोलतो ते समजतच नव्हते.

मग मी मूळ प्रश्नावर आलो. पट्टी घेणारी कोण, ती कुठून येते, कधी येते?

“आठवते ती मला,” ती म्हणाली. “हात रुमालात गुंडाळलेला होता. पिशवी उचलता येत नव्हती तिला, मीच रिक्षापर्यंत नेऊन दिली.” आणि मूल दुसऱ्या काखेत घेत म्हणाली, “मला तिथेच वाटलं होतं, हे करणारा माणूस कसा दिसत असेल.”

मी दांडा उगारला, एवढे आठवते. त्यानंतर इस्त्री माझ्या दंडावर होती. तापलेली. तिने ती नुसती मारली नाही, दाबून धरली. दांडा सुटला. तो कोणी उचलला ते मी पाहिले नाही. तो नवरा असणार, एका हाताने. माझा डावा हात त्याने आधी कोपराखाली मोडला आणि मग मनगटापाशी. बरगड्या लाथांनी मोडल्या. शेजारी जमले तेव्हा त्यांनी त्याला धरले, मला नाही. मला धरायची गरज उरली नव्हती.

शुक्रवार, २१ मार्च

तक्रारबाई आल्या होत्या. फळे वगैरे काही आणले नव्हते. कंपनीचे बडतर्फीचे पत्र आणले होते. ते मी अपेक्षिले होतेच. कॅशियरच्या नवऱ्याच्या एका कानाला आता ऐकू येणार नाही, हे त्यांनी उभ्यानेच सांगितले.

त्या कॅशियरवर काय कारवाई केली, असे मी विचारले. काही नाही, त्या म्हणाल्या. नंबरचा रकाना सोमवारपासून ऐच्छिक झाला. मी उठून बसण्याचा प्रयत्न केला, बरगड्यांनी बसू दिले नाही. त्या प्रोफाइलचे काय केले, असे विचारले.

“तोडून घेतलं. अडतीस बायका निघाल्या. नाव एकीचंही नाही.”

मग, मी विचारणार हे ओळखून, म्हणाल्या, “त्यातली तुमची कोणती ते आता मशीनलाही सांगता येणार नाही. मी दोन दिवस त्यासाठीच बसले होते.”

अर्धवट ज्ञान असलेल्या माणसाच्या हाती अधिकार गेला की हेच होते. अडतीस अपूर्ण नोंदी. त्यांना सूचना केली की निदान खरेदीच्या वेळा तरी जपून ठेवा. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे शाळेत पहिल्या बाकावरचा मुलगा कॉपी करताना सापडल्यावर बाई पाहतात. मी शाळेत कधी कॉपी केली नाही.

मंगळवार, २५ मार्च

साडेदहाला तपास अधिकारी आले. त्यांनी कागद काढेपर्यंत मी समोर पाहत होतो. समोरच्या बाकावर एक बाई बसली होती: आखूड कापलेले केस, चष्मा, मांडीवर जाड फाईल. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची कोणी असेल असे समजून मी तिला खिडकीचा पडदा ओढायला सांगितले, कारण ऊन माझ्या डोळ्यांवर येत होते. ती उठली नाही. लोकांना साधे सौजन्य उरलेले नाही, असा विचार मनात आला. पुढली दहा मिनिटे अधिकारी प्रश्न विचारत होते आणि ती बसूनच होती, आणि मी तिच्याकडे दोन-तीनदा पाहिले. मग अधिकारी मागे वळून म्हणाले, “या, बाई. ओळखता का यांना?”

ती उभी राहिली, आणि ती ही होती.

“हो,” ती म्हणाली. “सात वर्षं.”

तिचा भाऊ दाराशी होता, वरचा एक दात नसलेला. तो आत आला नाही. त्या कॅशियरची बातमी वाचून ती स्वतःच ठाण्यावर गेली होती, असे अधिकाऱ्यांच्या बोलण्यावरून कळले. परक्या बाईच्या घरी माझा माणूस माझ्यासाठी जातो, तर मी किती दिवस शपथा घालत बसू, असे काहीसे ती तिथे म्हणाली म्हणे.

मी तिला म्हणालो, घरी चल, बोलू. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. अधिकाऱ्यांनी तिचा जबाब टाइप करून आणला होता. सही करण्याआधी तिने तो उभ्यानेच वाचायला घेतला. वाचता वाचता थांबली, फाईल उघडली. फाईलमध्ये दुकानांची बिले होती, शेकडो, आणि प्रत्येकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिचे बारीक अक्षर. “साहेब, खुर्चीचं जूनमधलं आहे. मेमध्ये कपाळाला टाके पडले, त्याची डॉक्टरांची चिठ्ठी ही.” त्यांनी दुरुस्त केले. आणखी दोन ठिकाणी तिने तारखा बदलून घेतल्या. आवाज चढवला नाही, रडली नाही. सही केली, उजव्या हाताने फाईल छातीशी धरली आणि निघून गेली. चालताना ती किंचित लंगडत होती. हे पूर्वी नव्हते, किंवा मी पाहिले नव्हते.

दुपारी वकिलांनी जबाबाची प्रत आणली. एक्केचाळीस पाने. पत्त्याच्या जागी पोलीस ठाण्याचा पत्ता आहे. एकशे बारा नोंदी: तारीख, वेळ, माझ्या हातात काय होते, मी काय बोललो, कुठे लागले, डॉक्टरांना काय कारण सांगितले, त्यांनी विश्वास ठेवला की नाही. वकील म्हणाले, यात विसंगती सापडली तरच काही आशा आहे. तुमच्याइतके बारकाईने दुसरे कोणी वाचणार नाही.

मी परिचारिकेकडून लाल पेन मागून घेतले आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. तीनदा वाचले. एके ठिकाणी वार चुकलेला वाटला. कॅलेंडर मागवून पाहिले, वार बरोबर होता. कोणतीही घटना दोनदा आलेली नाही. कोणतीही सुटलेली नाही. ज्या मी पार विसरलो होतो त्याही आहेत, आणि वाचताच आठवतात.

चार वाजता लाल पेन परत दिले. टोपण काढावेच लागले नव्हते.